थेरपी सुरू करण्याआधी विचारायलाच हवे ते

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी 39 वर्षांची आहे, कोपरखैरण्याला राहते आणि तुर्भ्याच्या एका कंपनीत लेखा विभागात काम करते. गेल्या वर्षी वडील गेल्यापासून झोप नीट लागत नाही. लोकलमध्ये गर्दी वाढली की छातीत धडधडते, श्वास कोंडतो. ईसीजी व्यवस्थित आला, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थेरपी घेण्यास सुचवले. ठाण्यात राम मारुती रोडजवळ खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या एका मॅडमचे नाव मावसबहिणीकडून मिळाले. ती स्वतः त्यांच्याकडे जाते. आठवड्याला एक सत्र, सत्राचे 1,800 रुपये आणि दहा सत्रांचे एकदम भरल्यास 15,000 रुपये, असे फोनवर सांगण्यात आले. पतींना कल्पना आहे, सासूबाईंना नाही. घर वन बीएचके, मुलगा दहावीला. पदवी, पैसे, मुदत हे सगळे विचारले तर मी अविश्वास दाखवते आहे असे त्यांना वाटेल का? आणि मुळात सुरुवात करावी का?

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. सुरुवात जरूर करावी. त्रास वर्षभर टिकला आहे, झोप आणि रोजचा प्रवास दोन्ही त्याच्या कचाट्यात सापडले आहेत, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरांनीच तसे सुचवले आहे, तेव्हा आणखी थांबण्याचे कारण मला दिसत नाही. बाकीच्या प्रश्नांमागे मात्र एकच संकोच आहे. डॉक्टरांना, त्यातही मनाच्या डॉक्टरांना, पैशांचे आणि पदवीचे विचारणे बरे दिसत नाही, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. वेळ, फी, गुप्तता, सत्र रद्द करण्याचे नियम आणि थांबण्याची रीत ही उपचाराचीच चौकट असते. ती सुरुवातीला पक्की झाली नाही तर पुढे बोलणे अवघड जागी येऊन पोहोचते तेव्हा माणूस फीचे किंवा प्रवासाचे निमित्त पुढे करतो आणि जाणे सोडतो. चांगले थेरपिस्ट या गोष्टी आपण विचारण्याआधीच समोर ठेवतात. ज्यांना हे प्रश्न ऐकून राग येतो, किंवा ‘तुम्ही फक्त विश्वास ठेवा’ एवढेच जे म्हणतात, त्यांच्याकडे पुन्हा न गेलेले बरे.

तुमच्या पत्रात मॅडमची पात्रता कोठेच आलेली नाही, म्हणून तिथून सुरुवात करू. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते आणि ते औषधे लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत. त्यांची नोंदणी 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, होते. दोन वर्षांचे एम. फिल. हा त्यांच्या शिक्षणाचा आजवरचा रूढ मार्ग आहे, आणि त्यांचा नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तिसरा वर्ग मानसशास्त्रात एम. ए. करून समुपदेशनाचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा. त्यांतले अनेक जण अतिशय चांगले काम करतात, परंतु डॉक्टरांच्या नोंदणीइतकी रुळलेली व्यवस्था त्यांच्यासाठी अद्याप नाही. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी 2021 मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यात वर्तन-आरोग्याशी संबंधित व्यावसायिकांचा समावेश झाला आहे, एवढे मात्र खरे. त्यामुळे समुपदेशकांच्या बाबतीत चौकशीची जबाबदारी तूर्त आपल्यावरच येते. पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम किती वर्षे केले, धडधड आणि भीतीचे झटके येणाऱ्यांवर कोणत्या पद्धतीने उपचार करता, आणि अडलेल्या वेळी एखाद्या वरिष्ठांचे मार्गदर्शन घेता का, हे विचारावे. मला स्वतःला यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत बोलका वाटतो. जे नियमितपणे सुपरव्हिजन घेतात ते त्याविषयी सहज बोलतात, आणि ज्यांनी दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते त्यांना तो प्रश्नच समजत नाही.

आता पैसे. ठाणे आणि नवी मुंबईत खासगी सत्राची फी साधारणपणे हजार ते अडीच हजार रुपयांच्या दरम्यान सांगितली जाते, म्हणजे 1,800 हा आकडा जास्त असला तरी वावगा नाही. महिन्याला चार सत्रे धरली तर 7,200 रुपये होतात. धडधड, चिंता, नैराश्य यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीचा, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीचा, क्रम बहुधा 12 ते 20 सत्रांचा असतो. सोळा धरली तर 28,800 रुपये, आणि प्रवास वेगळा. लेखा विभागात काम करणाऱ्या व्यक्तीला हा हिशेब मी सांगावा असे नाही, पण स्वतःच्या उपचाराचा विषय निघाला की हिशेबी माणसेही ‘बघू, जमेल तसे’ म्हणतात, म्हणून तो येथे मांडला. चार महिने हा खर्च घरात ओढाताण न होता करता येईल का, हे पतींशी बसून आधीच ठरवा. येत नसेल तर पहिल्याच भेटीत तसे सांगून फी कमी होऊ शकते का, किंवा पहिल्या दोन महिन्यांनंतर पंधरा दिवसांतून एक सत्र चालेल का, हे विचारता येते. अनेक थेरपिस्ट काही जागा कमी फीच्या ठेवतात आणि न विचारणाऱ्याला त्या कळत नाहीत.

दहा सत्रांचे पॅकेज मात्र आत्ता घेऊ नका. त्यात 3,000 रुपये वाचतात हे खरे, पण चौथ्या सत्रानंतर तुमचे जमले नाही तर सुट्या दराने 7,200 रुपये झाले असते, आणि पॅकेजमध्ये तुम्ही 15,000 भरून बसलेल्या असाल. उरलेले पैसे परत मिळण्याची लेखी हमी असली, तरी ‘पैसे भरले आहेत, आता जायला हवे’ या भावनेने थेरपी चालू राहणे मला मान्य नाही. पहिली तीन-चार सत्रे सुटी घ्यावीत. पॅकेजचा विचार त्यानंतर, तोही गरज वाटली तरच.

याच ओघात रद्द करण्याचा नियम विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी 24 तास आधी कळवले नाही तर सत्राची पूर्ण किंवा अर्धी फी आकारतात. हे अन्यायाचे नाही, कारण तो तास त्यांनी तुमच्यासाठी राखलेला असतो. पण जुलैमध्ये रुळांवर पाणी साचून ट्रान्स हार्बरच्या गाड्या थांबल्या, किंवा मार्चअखेर लेखा विभागात रात्री नऊपर्यंत बसावे लागले, तर काय, हे आधी ठरलेले असावे. अशा दिवशी तेच सत्र फोनवर किंवा व्हिडिओवर घेता येते का, असा साधा प्रश्न विचारला की पुढचा मनस्ताप वाचतो. विम्याविषयी थोडक्यात सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यायचे आहे, परंतु आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाच्या असतात आणि दर आठवड्याचे सत्र हा बाह्यरुग्ण खर्च ठरतो. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा भाग आहे का ते पाहा, आणि कंपनीच्या एचआरकडे कर्मचारी साहाय्य योजना आहे का याची चौकशी करा. अशा योजनांत काही सत्रे मोफत मिळतात.

ठाण्यात जाण्यायेण्याचा विचार तुम्ही पत्रात केलेला दिसत नाही, आणि मला तो फीइतकाच महत्त्वाचा वाटतो. तुर्भ्याहून ठाण्याची गाडी पकडली की पुढचेच स्थानक तुमचे कोपरखैरणे. दिवसभर थकलेल्या माणसाला तेथे उतरून घरी जाण्याचा मोह होणारच. तो टाळून ठाण्याला पोहोचल्यावर पूर्वेकडच्या फलाटांवरून संध्याकाळच्या गर्दीत पूल ओलांडून पश्चिमेला यायचे, आणि सत्र संपल्यावर तोच प्रवास उलट करायचा. तुमचा त्रास नेमका गर्दीच्या लोकलमधला आहे. याचा अर्थ ठाण्याला जाऊ नये असा मी मुळीच काढत नाही. उलट भीतीच्या झटक्यांत ज्या जागेची भीती वाटते ती टाळत राहिले की भीती वाढते, आणि पायरीपायरीने तिला सामोरे जाणे हा उपचाराचाच भाग असतो. पण ती पायरी कोणती आणि कधी, हे थेरपिस्टबरोबर ठरायला हवे. म्हणून ‘मी लोकलने येणार आहे आणि मला लोकलमध्येच त्रास होतो’ हे वाक्य पहिल्या फोनवरच सांगा. शनिवारी सकाळची वेळ मिळत असेल तर पहिले दोन महिने ती घ्यावी. वाशी, कोपरखैरणे, ऐरोली परिसरात योग्य पात्रतेचे कोणी मिळाले तर मी तुमच्या जागी तोही पर्याय मनापासून तपासला असता, कारण सोळा आठवडे टिकेल अशी जागा नावाजलेल्या जागेपेक्षा उपयोगी पडते.

जवळची व्यक्ती शोधण्यामागे माझे आणखी एक कारण आहे. या मॅडम तुमच्या मावसबहिणीच्याही थेरपिस्ट आहेत. तुम्ही वडिलांविषयी बोलणार, म्हणजे ओघाने मामा-मावश्या, आजारपणात कोण धावून आले आणि कोण आले नाही, हे सगळे निघणार. त्याच घरातली तुमची बहीण त्याच खोलीत दुसऱ्या दिवशी तिची बाजू सांगत असेल. सचोटीचे थेरपिस्ट एकीचे दुसरीला कळू देत नाहीत, पण तुम्ही बोलताना हात आखडता घ्याल ही भीती उरतेच. जवळच्या नात्यातल्या दोघांना स्वतंत्रपणे घेण्याचे अनेक थेरपिस्ट टाळतात. मॅडमना हे स्पष्ट सांगा आणि त्यांच्या ओळखीतले दुसरे नाव मागा. असे नाव न कुरकुरता देणे हेही चांगल्या व्यावसायिकाचे लक्षण आहे.

गुप्ततेविषयी तुमच्या मनात जे आहे त्याचे दोन भाग करावे लागतील. पहिला भाग थेरपिस्टने कोणाला सांगण्याचा. 2017 च्या त्याच कायद्याचे कलम 23 मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आजार व उपचारांविषयी गुप्ततेचा अधिकार देते. त्याला ठरावीक अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका असणे, दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्याचा संभव असणे, न्यायालयाचा आदेश, उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाला आवश्यक तेवढी माहिती देणे, अशा प्रकारचे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक असते. हे अपवाद तोंडी ऐकून न सोडता लेखी संमतिपत्रात वाचून घ्यावेत. नोंदी कोठे ठेवतात, त्या कोण पाहते, सत्राचे ध्वनिमुद्रण होते का, आणि तुमचे पती फोन करून ‘कसे चालले आहे’ असे विचारू लागले तर त्या काय उत्तर देतील, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे योग्य उत्तर ‘तुमच्या परवानगीशिवाय काहीही नाही’ एवढेच आहे.

दुसरा भाग घरातल्या घरात माहिती फुटण्याचा, आणि माझ्या अनुभवात गुप्तता बहुतेक वेळा येथेच फुटते. संयुक्त खात्यातून यूपीआयने पैसे दिले की पासबुकात क्लिनिकचे नाव उमटते. भेटीची आठवण करून देणारा संदेश टेबलावर पडलेल्या मोबाईलच्या पडद्यावर येतो, तोही नेमका मुलगा शेजारी बसलेला असताना. यासाठी स्वतःच्या पगाराच्या खात्यातून पैसे द्या, संदेश कोणत्या नावाने आणि कोणत्या वेळी यावेत ते सांगून ठेवा. सासूबाईंना सांगायचे की नाही, हा निर्णय पूर्णपणे तुमचा आहे. त्यांच्यापासून ते लपवणे म्हणजे खोटेपणा, असे मला वाटत नाही. मात्र दर आठवड्याला नवी सबब शोधावी लागली तर तिचा ताण वेगळाच होतो, म्हणून ‘झोपेसाठी डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत’ असे एकच, खरे आणि पुरेसे उत्तर पती-पत्नींनी मिळून ठरवावे. ऑनलाइन सत्रांचा विचार करत असाल तर वन बीएचकेमध्ये, दहावीच्या मुलाच्या अभ्यासाच्या वेळी, दार लावून तासभर बोलणे कसे जमेल हे आधी पाहा. मोकळेपणाने रडता येणार नाही अशा जागी घेतलेल्या सत्राचे पैसे निम्मे वाया जातात. प्रत्यक्ष भेट हाच तुमच्यासाठी मुख्य मार्ग असावा, असे मला वाटते.

सत्र कोणत्या भाषेत होणार हेही विचारा. प्रशिक्षण इंग्रजीतून झालेल्या तरुण थेरपिस्टना मराठीत बोलता येते, पण काही जण तंत्राचा भाग आला की इंग्रजीकडे वळतात. वडिलांच्या आजारपणातल्या गोष्टी तुम्हाला ज्या भाषेत आठवतात त्याच भाषेत त्या सांगता आल्या पाहिजेत.

थेरपीबरोबर दोन वैद्यकीय गोष्टी राहू नयेत. ईसीजी झाला हे उत्तम. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 यांच्या तपासण्या झाल्या नसतील तर फॅमिली डॉक्टरांना विचारून करून घ्या, कारण धडधड आणि थकवा या दोन्हींची मुळे तेथेही सापडतात. आणि झोप फारच बिघडली असेल तर एकदा मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवा. औषधे सुरू झाली म्हणजे थेरपी निष्फळ ठरली असे कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. काही त्रासांत दोन्ही एकत्र दिल्याने अधिक फायदा होतो. नैराश्य आणि चिंतेवरच्या नेहमीच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे लक्षात ठेवा, आणि सुरू झालेले औषध थेरपिस्टच्या किंवा स्वतःच्या मताने बंद करू नका.

खर्च झेपणारच नाही असे दिसले तर मार्ग बंद होत नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि कळव्याच्या महापालिका रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 1901 पासून चालू असलेल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नाव काढले की लोक अजूनही दचकतात. पण तेथे बाह्यरुग्ण विभागही आहे आणि तेथे येणाऱ्यांत चिंता, निद्रानाश असणारी तुमच्या-माझ्यासारखी माणसेही असतात. दोन सत्रांच्या मध्ये एखादी रात्र फारच कठीण गेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या शनिवारची वाट पाहायची नाही. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. आणीबाणीत थेरपिस्ट स्वतः फोन घेतात का, की कोणाकडे पाठवतात, हेही पहिल्या भेटीत विचारून ठेवा.

पहिले सत्र बहुतेक माहिती घेण्यातच जाते. घर, नोकरी, आजार, झोप, पूर्वीचे उपचार असे प्रश्न येतात आणि काही जणांना बाहेर पडताना ‘एवढ्यासाठी 1,800 दिले?’ असे वाटते. तसे वाटले तरी दुसऱ्या सत्राला जा. सगळे पहिल्या दिवशी सांगण्याची सक्ती नाही. ‘हे आज नको’ असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. झटके कधी येतात, किती वेळ टिकतात, त्यापूर्वी काय घडलेले असते, हे आठवडाभर वहीत टिपून नेलेत तर तो तास अधिक कामी येईल. सत्रानंतर लगेच स्वयंपाकघरात किंवा मुलाच्या गणितात शिरावे लागू नये यासाठी अर्धा तास मोकळा ठेवा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मन अधिक जड वाटणेही शक्य आहे. दडपलेले बोलणे सुरू झाल्यावर तसे होते, आणि ते थेरपिस्टला सांगायचे असते.

चौथ्या सत्रानंतर आढावा घ्या, आणि तो घेऊ असे आधीच ठरवून ठेवा. एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये उपचारातल्या सहकार्याचे तीन घटक मांडले होते: ध्येयावर एकमत, त्यासाठी करायच्या कामांवर एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा बंध. आढाव्यासाठी मला याहून सोयीची मोजपट्टी सापडलेली नाही. आपण कशासाठी भेटतो आहोत ते दोघींनाही सारखेच सांगता येते का? सत्रात आणि घरी जे करायला सांगितले जाते त्याचा त्या ध्येयाशी संबंध तुम्हाला पटतो का? आणि लाज वाटणारी गोष्ट या व्यक्तीसमोर काढता येईल असे वाटते का? पहिल्या दोहोंत गडबड असेल तर बोलून दुरुस्त होते. तिसऱ्याला एखाद-दुसरे सत्र अधिक देऊन पाहावे. तरीही उत्तर नकारार्थी आले तर थेरपिस्ट बदलावा, त्यात कोणाचा अपमान नाही. बाकी काही गोष्टी आढाव्याचीही वाट न पाहता उठून यावे अशा असतात: बरे करण्याची हमी देणे, स्वतःच्याच आयुष्याविषयी बोलत राहणे, सत्राबाहेर जवळीक वाढवू पाहणे, डॉक्टरांची औषधे सोडायला सांगणे, ग्रहदशा किंवा ऊर्जेचे उपाय त्याच फीमध्ये विकणे.

थांबण्याची वेळ येईल तेव्हा, मग ती बरे वाटू लागल्यामुळे येवो किंवा न जमल्यामुळे, ते व्हॉट्सॲपवर न कळवता सत्रात सांगा आणि शक्य तर त्यासाठी एक शेवटचे सत्र राखून ठेवा. तेव्हा काय उपयोगी पडले, त्रास परत डोके वर काढू लागला तर त्याची पहिली चिन्हे कोणती असतील आणि किती दिवसांनी पुन्हा भेटायचे, एवढे ठरवून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञांकडे जाणार असाल तर उपचारांचा एक पानाचा सारांश लेखी मागून घ्या. आपल्या उपचारांच्या नोंदी पाहण्याचा अधिकार 2017 च्या कायद्याच्या कलम 25 मध्ये दिलेला आहे, आणि असा सारांश हाती असला की नव्या ठिकाणी सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.